संगणक कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या वावड्या : ऐकाव्या किती, मानाव्या किती?

उज्जैनला महाकाळाच्या दर्शनासाठी जाणारे गोमंतकीय यात्रेकरू तेथील वेधशाळेकडे सहसा फिरकत नाहीत. जयपूरचे सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. काळाच्या ओघात ती मोडकळीस आली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे सोपवली. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून आजही वेळ वाचता येते. मात्र ती उज्जैनची स्थानिक वेळ असते. हातातल्या घड्याळाशी ती जुळवायची तर सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात आणि वर्षातील दिवसानुसार आणखी थोडी दुरुस्ती करावी लागते. सावली खोटी नसते, परंतु ती कशी वाचायची हे ठाऊक असावे लागते.

त्याच नगरीत भविष्य सांगणारेही पुष्कळ भेटतात. वेधशाळेचे गणित आणि हातावरच्या रेषांवरून केलेले भाकीत, दोन्ही उद्याविषयी बोलतात. फरक एवढाच, की गणित चुकले तर ती चूक दाखवता येते, भाकीत चुकले तर त्याला सबब सापडते. शेअर बाजारात संगणक आणि चिप बनविणाऱ्या कंपन्यांविषयी जी कुजबुज सतत चालू असते, ती या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हे ओळखता येणे आज सामान्य वाचकाच्याही हिताचे झाले आहे. गोव्यातून घरबसल्या भ्रमणध्वनीवर शेअर घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि 'अमुक कंपनी तमुक कंपनी विकत घेणार' ही बातमी अनेकांच्या बचतीला थेट हात घालते.

वावडी उठते ती का?

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करू. दोन कंपन्या एकत्र येऊन एकच कंपनी उरते तेव्हा त्यास विलीनीकरण म्हणतात. एक कंपनी दुसरीचे नियंत्रण किंवा तिचा एखादा व्यवसाय विकत घेते तेव्हा ते अधिग्रहण होय. व्यवहारात बहुतेक 'विलीनीकरणे' ही सौम्य शब्दांत सांगितलेली अधिग्रहणेच असतात.

संगणक सामग्रीच्या उद्योगात अशा चर्चा इतरांपेक्षा अधिक का होतात, याला कारणे आहेत. तयार संगणक विकण्याच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण फार थोडे असते. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, स्क्रीन हे भाग सर्वच कंपन्या त्याच त्या मोजक्या पुरवठादारांकडून घेतात. मग फरक पडतो तो खरेदीच्या आकाराने. जो अधिक भाग घेतो त्याला ते स्वस्त पडतात. दुसरीकडे, चिप तयार करणारा अद्ययावत कारखाना उभारायचा तर अब्जावधी डॉलर लागतात आणि तो काही वर्षांतच जुना होतो. म्हणजे लहान राहणे परवडत नाही आणि मोठे होणे महाग पडते. अशा उद्योगात 'कोण कोणाला गिळणार' हा प्रश्न सदैव हवेत असतो. त्यामुळे वावडीला आधार मुळीच नसतो असे नाही. बहुधा तिच्यामागे खरी आर्थिक ओढ असते. अडचण ही, की ओढ असणे आणि व्यवहार होणे यांत मोठे अंतर आहे.

खऱ्या ठरलेल्या, विरलेल्या आणि अडलेल्या

जुनी उदाहरणे पाहिली म्हणजे हे अंतर लक्षात येते. डिसेंबर २००४च्या पहिल्या आठवड्यात, आयबीएम आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय विकायला काढत आहे, असे वृत्त अमेरिकेतील एका प्रमुख दैनिकाने दिले. अनेकांना ते खरे वाटेना, कारण 'पीसी' हे नाव घरोघरी नेणारी कंपनीच ती. परंतु काही दिवसांतच चीनच्या लेनोवोशी करार जाहीर झाला. कर्जाचा भार धरून तो सुमारे १.७५ अब्ज डॉलरचा होता आणि मे २००५मध्ये पूर्ण झाला. थिंकपॅड हे नाव आज लेनोवोच्या लॅपटॉपवर दिसते ते त्यामुळे.

त्याआधी सप्टेंबर २००१मध्ये एचपीने कॉम्पॅक विकत घेण्याचा सुमारे २५ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, तेव्हा घोषणेच्या आदल्या रात्रीपर्यंत बाजाराला त्याचा फारसा सुगावा नव्हता. घोषणा होताच विकत घेणाऱ्या एचपीचाच शेअर एका दिवसात जवळपास पाचव्या हिश्श्याने कोसळला. संस्थापकांच्या घराण्यातील वॉल्टर ह्यूलेट यांनी उघड विरोध केला आणि भागधारकांच्या निसटत्या बहुमताने तो व्यवहार २००२मध्ये पार पडला. मोठा व्यवहार गुपचूप शिजू शकतो, आणि झालेला व्यवहार घेणाऱ्याच्या भागधारकांना सुखाचा असेलच असे नाही, अशा दोन गोष्टी त्यातून दिसल्या.

याच एचपीने ऑगस्ट २०११मध्ये आपला संगणक विभाग वेगळा काढण्याचा विचार असल्याचे स्वतःच सांगितले. म्हणजे येथे वावडी नव्हती, कंपनीचेच निवेदन होते. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २० टक्क्यांनी घसरला. दोन महिन्यांत प्रमुख बदलले आणि नव्या प्रमुखांनी तो विचार रद्द केला. नंतर २०१५मध्ये कंपनीचे दोन भाग झालेच, पण निराळ्या रीतीने. तात्पर्य, खुद्द कंपनीचे 'विचाराधीन आहे' हे वाक्यदेखील भविष्य नव्हे.

जाहीर झालेले प्रस्तावही तडीस जात नाहीत. झेरॉक्सने नोव्हेंबर २०१९मध्ये आपल्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या एचपीला सुमारे ३३ अब्ज डॉलरमध्ये घेण्याचा प्रस्ताव दिला. करोनाच्या संकटात मार्च २०२०च्या अखेरीस तो मागे घेतला. ब्रॉडकॉमने क्वालकॉमसाठी शंभर अब्ज डॉलरहून मोठी बोली लावली होती. मार्च २०१८मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन ती थांबविली. एनव्हिडियाने सॉफ्टबँककडून आर्म ही कंपनी ४० अब्ज डॉलरना घेण्याचा करार सप्टेंबर २०२०मध्ये केला. नियामकांच्या आक्षेपांमुळे फेब्रुवारी २०२२मध्ये तो गुंडाळावा लागला.

अलीकडचे उदाहरण इंटेलचे. क्वालकॉमने इंटेलकडे खरेदीविषयी विचारणा केल्याचे वृत्त सप्टेंबर २०२४मध्ये आले. इंटेलचा भाव वधारला, क्वालकॉमचा उतरला. दोन महिन्यांनी क्वालकॉमचा उत्साह ओसरल्याच्या बातम्या आल्या. व्यवहार झाला नाही. पुढे २०२५मध्ये इंटेलमध्ये भांडवल आले खरे, पण ते अमेरिकी सरकारने घेतलेल्या सुमारे १० टक्के हिश्श्यातून आणि एनव्हिडियाच्या ५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीच्या घोषणेतून. इंटेल संकटात आहे आणि तिला आधार लागेल, हे वर्षभरापूर्वीचे निदान योग्यच होते. कोण, कधी आणि कोणत्या रूपात, हे मात्र कोणालाच सांगता आले नव्हते.

भाव काय सांगतो?

वावडी उठताच ज्या कंपनीची खरेदी होणार असे म्हटले जाते तिचा भाव चढतो, कारण विकत घेणारा चालू भावापेक्षा अधिक दाम देतो. घेणाऱ्याचा भाव बहुधा उतरतो. हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू.

एका कंपनीचा शेअर १०० रुपयांना आहे. दुसरी कंपनी तो १५० रुपयांना घेणार, अशी चर्चा सुरू झाली आणि भाव ११० झाला. व्यवहार नक्की असता तर भाव १५०च्या जवळ गेला असता. मुळीच शक्य नसता तर १००वर राहिला असता. पन्नास रुपयांच्या वाटेवर तो दहाच रुपये चालला आहे. म्हणजे बाजाराच्या मते ही शक्यता पाचांत एक आहे. ११०ला शेअर घेणाऱ्याला व्यवहार झाल्यास ४० रुपये मिळतील, न झाल्यास १० रुपये जातील. पाच वेळा असे केले तर एकदा ४० मिळून चार वेळा दहा-दहा जातील. शिल्लक शून्य. त्यातून दलाली आणि कर वजा होतील ते निराळेच.

आता समजा, गटागटांतून संदेश फिरले, उत्साह वाढला आणि भाव १४० झाला. यावेळी घेणाऱ्याला मिळण्यासारखे १० रुपयेच उरले, गमावण्यासारखे ४० आहेत. लहान गुंतवणूकदार बहुधा याच टप्प्यावर येतो, कारण बातमी त्याच्यापर्यंत पोहोचते तीच यावेळी. आणि ज्याने १००ला घेऊन ठेवले होते, त्याला विकण्यासाठी नेमका असाच ग्राहक हवा असतो. वावडी कोणी उठविली हे बहुधा कळत नाही. ती कोणाच्या सोयीची आहे हे मात्र विचार केल्यास कळते.

वेर्ण्यातील एक व्यवहार

हे सारे अमेरिकेतले झाले, असे वाटू नये म्हणून आपल्याच अंगणातील एक व्यवहार पाहू. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील स्मार्टलिंक नेटवर्क सिस्टिम्स ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी संगणकांचे जाळे उभारण्याची सामग्री बनवीत असे. तैवानच्या डी-लिंक समूहाशी भागीदारीतून तिची वाढ झाली. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, विभाजन होऊन डी-लिंक (इंडिया) ही स्वतंत्र नोंदणीकृत कंपनी झाली. तिचेही नोंदणीकृत कार्यालय वेर्ण्यातच आहे.

स्मार्टलिंककडे डिजिलिंक या नाममुद्रेचा व्यवसाय होता. कार्यालयांच्या भिंतींतून फिरणाऱ्या डेटा केबल, त्यांच्या जोडण्या आणि पॅनेल असा तो माल. २०११मध्ये फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकने हा व्यवसाय ५०३ कोटी रुपयांना विकत घेतला. गोव्यातील एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या मानाने ही रक्कम डोळे दिपविणारी होती.

पण येथे विकला गेला तो व्यवसाय, कंपनी नव्हे. हा भेद गुंतवणूकदाराने नीट समजून घ्यावा. सेबीच्या २०११च्या अधिग्रहण नियमांनुसार कोणी नोंदणीकृत कंपनीचे २५ टक्के किंवा अधिक मताधिकार घेतो, तेव्हा त्याला इतर भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के शेअर घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. म्हणजे लहान भागधारकालाही त्या दामाने शेअर विकण्याची संधी मिळते. व्यवसाय विकला जातो तेव्हा मात्र अशी ऑफर येत नाही. पैसा कंपनीच्या तिजोरीत येतो, त्यावर कर लागतो, आणि उरलेल्याचे काय करायचे ते संचालक मंडळ ठरवते. लाभांश द्यावा, नवा उद्योग काढावा की ठेव म्हणून ठेवावा, हे सारे पर्याय खुले असतात. शिवाय ज्या व्यवसायामुळे कंपनीला मोल होते, तोच हातातून गेलेला असतो. स्मार्टलिंकने पुढे डिजिसोल या नाममुद्रेने नेटवर्किंगचा व्यवसाय चालू ठेवला आणि कालांतराने ती स्मार्टलिंक होल्डिंग्ज झाली. तेव्हा 'अमुक कंपनीला मोठा ग्राहक मिळाला' हे ऐकताच पहिला प्रश्न हवा तो हा : विकले जाणार आहे ते काय? शेअर, की कारखाना, की केवळ नाव?

कामगारांच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. कंपनीचे शेअर हस्तांतरित झाले तर मालक बदलतो, नोकरी देणारी कंपनी तीच राहते. व्यवसायच हस्तांतरित झाला तर नोकरी देणारी संस्था बदलते. अशा वेळी नव्या मालकाकडे सेवा अखंड मोजली जाणार नसेल किंवा सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी असतील, तर कामगाराला नोटीस आणि भरपाईचा हक्क मिळतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातील हे तत्त्व २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. वेर्ण्यातील कामगाराने वावडी ऐकून घाबरण्यापेक्षा आपले नियुक्तिपत्र, सेवेचा कालावधी आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद नीट आहे ना, हे पाहून ठेवणे अधिक उपयोगाचे.

कायद्याचे संरक्षण कोठवर?

वावड्यांना आळा घालण्यासाठी सेबीने अलीकडे एक महत्त्वाचे पाऊल टाकले. १ जून २०२४पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० आणि १ डिसेंबर २०२४पासून पहिल्या २५० नोंदणीकृत कंपन्यांना हा नियम लागू झाला. मुख्य प्रवाहातील माध्यमांत एखादी ठोस वावडी आली आणि तिच्यामुळे भावात लक्षणीय हालचाल झाली, तर कंपनीने २४ तासांत ती मान्य करावी, नाकारावी किंवा खुलासा करावा.

यात लहान गुंतवणूकदाराने एक मेख ध्यानात ठेवावी. भारतातील संगणक सामग्रीच्या अनेक कंपन्या लहान आहेत. त्या या २५०मध्ये येत नाहीत. शेअर बाजार त्यांच्याकडे खुलासा मागू शकतो आणि तो त्यांना द्यावा लागतो. पण २४ तासांची सक्ती त्यांच्यावर नाही. म्हणजे जेथे उलाढाल कमी, भाव हलविणे सोपे आणि माहिती विरळ, नेमके तेथेच हे कवच पातळ आहे. भ्रमणध्वनीवरील गटांत फिरणारी वावडी तर मुख्य प्रवाहातील माध्यमही नव्हे.

दुसरा कायदा अंतःस्थ व्यवहारांचा. विलीनीकरण किंवा अधिग्रहणाची बोलणी ही सेबीच्या २०१५च्या नियमांनुसार भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ठरते. ती जवळ असलेल्याने स्वतः शेअर घेणे आणि योग्य कारणाशिवाय दुसऱ्याला ती सांगणे, दोन्ही गुन्हेच. तेव्हा 'आतली बातमी आहे' असे सांगणारा मित्र दोहोंपैकी एक असतो. त्याला खरोखर काही ठाऊक नसते, किंवा तो कायदा मोडत असतो आणि ऐकून शेअर घेणाऱ्यालाही त्यात ओढत असतो.

बोलणी यशस्वी झाली तरी भारतीय स्पर्धा आयोगाचा उंबरठा उरतो. १० सप्टेंबर २०२४पासून, ज्या कंपनीचा भारतात मोठा व्यवसाय आहे तिच्या २००० कोटी रुपयांहून मोठ्या सौद्यांना, कंपनीची मालमत्ता लहान असली तरी, आयोगाची संमती लागते. जागतिक व्यवहारांना अमेरिका, युरोप, चीन अशा अनेक ठिकाणी परवानगी घ्यावी लागते, आणि त्यांपैकी एकीने नकार दिला तरी सौदा अडतो.

ग्राहकाने काय पाहावे?

शेअर न घेणाऱ्यांनाही या घडामोडींची झळ लागते. हार्ड डिस्कचे उदाहरण बोलके आहे. सीगेटने २००६मध्ये मॅक्स्टॉर घेतली. २०११मध्ये सॅमसंगचा हार्ड डिस्कचा व्यवसाय घेतला. वेस्टर्न डिजिटलने २०१२मध्ये हिताचीचा घेतला. तोशिबा धरून जगात तीनच उत्पादक उरले. याच काळात, २०११च्या अखेरीस, थायलंडमधील महापुराने कारखाने बुडाले तेव्हा जगभर हार्ड डिस्क महागल्या. उत्पादक मोजके आणि कारखाने एकाच देशात एकवटलेले असले की असा धक्का पचवणे कठीण जाते. पणजीतील दुकान असो की उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातले, दुकानदाराच्या फळीवर नावे अनेक दिसतात, पण मागे कारखानदार थोडेच असतात.

भारतीय नावेही अशीच मागे पडली. विप्रोने २०१३मध्ये स्वतःच्या नावाचे संगणक बनविणे थांबविले. गोव्यात सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले, त्या पिढीला अशी अनेक विस्मरणात गेलेली नावे आठवत असतील. म्हणून शाळा, सहकारी पतसंस्था किंवा लहान कार्यालयाने घाऊक खरेदी करताना कंपनीच्या नावाइतकेच तिच्या सेवाकेंद्राकडे लक्ष द्यावे. बिल आणि अनुक्रमांक जपावा. वॉरंटीचे दायित्व मालक बदलल्यावर कोणाकडे जाईल, हे मोठ्या खरेदीच्या करारात लेखी घ्यावे. एखादा ब्रँड विकला जाणार अशी चर्चा असली म्हणून तो टाळायलाच हवा असे नाही. आयबीएमचा थिंकपॅड घेतलेल्यांना लेनोवोच्या काळातही सेवा मिळत राहिली.

पाच प्रश्न

यापुढे अशी बातमी कानी आली, की काही प्रश्न विचारून पाहावेत. बातमी देणारे माध्यम कोणते, आणि चुकल्यास त्याचे काही बिघडते का? कंपनीने शेअर बाजाराला काय कळविले आहे? मुंबई शेअर बाजाराच्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर ही निवेदने कोणालाही विनाशुल्क पाहता येतात. विकले जाणार आहे ते काय, शेअर की व्यवसाय? कोणकोणत्या नियामकांची संमती लागेल? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला : हा व्यवहार झालाच नाही, तर आजच्या भावाने हा शेअर मी घेतला असता का? याचे उत्तर 'नाही' असेल तर घेतला जातो तो शेअर नव्हे, वावडीच.

विलीनीकरणाच्या चर्चा थांबणार नाहीत, आणि त्या सर्वस्वी निरर्थकही नसतात. कोणत्या उद्योगावर कसला ताण आहे, हे त्या सांगतात. त्यांतून वेळ आणि दाम वाचायला जाणे हीच चूक. उज्जैनच्या सम्राट यंत्रावरची सावली पाहून कोणी घड्याळ लावायला निघाला, तर आधी त्याला २७ मिनिटांचा हिशेब करावा लागतो. बाजारातील बातमीलाही तशी दुरुस्ती लागते, आणि ती ज्याची त्यानेच करावी लागते.